लायसन्स मिळालं, मग गाडी कधी द्यायची? मुलांना ड्रायव्हिंग शिकवताना आत्मविश्वास कसा तयार होतो

जुलै २०२४. कल्याणच्या शिवाजी चौकातला एक व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत होता. भर रस्त्यात बीएमडब्ल्यू चालली आहे, बॉनेटवर एक तरुण आरामात आडवा पडलाय आणि आजूबाजूचे लोक थांबून बघतायत. पोलिसांनी चौकशी केल्यावर कळलं की गाडी चालवणारा मुलगा १७ वर्षांचा होता आणि गाडी त्याच्या वडिलांची होती. मग वडिलांवरही गुन्हा दाखल झाला.

त्याच्या दोनच महिने आधी, १९ मे २०२४ च्या पहाटे, पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शेच्या धडकेत दोन तरुण इंजिनियर्सचा जीव गेला होता. ती गाडी चालवत असल्याचा आरोप असलेला मुलगाही १७ वर्षांचाच.

आता दुसरी बाजू बघा. कल्याणपासून तीन स्टेशनांवर टिटवाळा आहे. इथं अशीही घरं आहेत जिथं मुलगी १९ वर्षांची आहे, पाकिटात लायसन्स आहे, खाली स्कूटी उभी आहे आणि तरी क्लासला जायला ती शेअर रिक्षाच्या रांगेत उभी राहते. का? तर पहिल्याच आठवड्यात स्टेशन रोडवर गाडी बंद पडली, मागून हॉर्न वाजले आणि घरी आल्यावर कुणीतरी म्हणालं, ''सांगितलं होतं ना, तुला नाही जमणार.''

एकाकडे नको तितका आत्मविश्वास, दुसरीकडे तो जवळपास शून्य. पण दोन्हीकडे गडबड एकच आहे. आपल्याला नेमकं किती जमतं, याचा अंदाज चुकलाय. गाडी शिकवणाऱ्या आईवडिलांचं खरं काम हा अंदाज बरोबर बसवण्याचं आहे. ते कसं करायचं, एकेक मुद्दा बघू.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ४ नुसार सार्वजनिक ठिकाणी गाडी चालवायला वय १८ पूर्ण लागतं. अपवाद एकच. ५० सीसीपर्यंतची मोटरसायकल १६ व्या वर्षानंतर चालवता येते. आज बाजारात दिसणाऱ्या पेट्रोल स्कूटर जवळपास सगळ्या १०० सीसीच्या वरच्या आहेत. म्हणजे ''स्कूटीच तर आहे, १६ ला चालते'' हा सोसायटीतला समज चुकीचा आहे.

ई-स्कूटरचं काय? मोटरची ताकद २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर लायसन्स लागत नाही. त्यापुढची ई-स्कूटर कायद्याच्या नजरेत मोटार वाहनच आहे.

२०१९ मध्ये कायद्यात कलम १९९-अ आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षं होईपर्यंत लर्निंग लायसन्सही मिळत नाही.

आत्मविश्वासाच्या लेखात हे कशाला? कारण पंधराव्या वर्षी ''जरा दूध घेऊन ये'' म्हणून चावी मिळाली, तर मुलगा गाडीबरोबर आणखी एक गोष्ट शिकतो. पोलीस दिसला की गल्लीत वळायचं. नियम चुकवण्यातून आलेला आत्मविश्वास नंतर सिग्नलवरही दिसतो आणि हायवेवरही.

आत्मविश्वास येतो कुठून?

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये यावर एक सिद्धांत मांडला. 'हे काम मला जमेल' असं माणसाला वाटतं, त्याची मुळं त्यांनी चार ठिकाणी दाखवली. स्वतः ते काम करून जमलेलं असणं. आपल्यासारख्याच कुणाला तरी ते जमताना पाहणं. विश्वासातल्या माणसाचे शब्द. आणि त्या क्षणी शरीराची अवस्था, म्हणजे धडधड, घाम, हातापायांची थरथर.

यात सगळ्यात भक्कम मूळ पहिलं. म्हणजे ''तू एकदम भारी चालवतोस'' हे दहा वेळा सांगण्यापेक्षा चढावर गाडी मागे न घसरता एकदा उचलता येणं जास्त कामाचं. आपण मात्र बऱ्याचदा उलटं करतो. सराव चार दिवसांचा आणि कौतुक किंवा ओरडा महिनाभराचा.

नुसता आत्मविश्वास वाढवला तर?

स्वीडनमध्ये नील्स पेटर ग्रेगेर्सन या संशोधकानं नव्या चालकांवर एक प्रयोग केला होता. १९९६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एका गटाला संकटात गाडी कशी सावरायची याचं कौशल्य शिकवलं. दुसऱ्या गटाला अशा प्रसंगी आपलं कौशल्य किती तोकडं पडतं, ते अनुभवायला लावलं. नंतर चाचणी घेतली तेव्हा दोन्ही गटांचं प्रत्यक्ष कौशल्य जवळपास सारखंच निघालं. पण पहिल्या गटाला स्वतःबद्दल वाटत होतं त्यापेक्षा त्यांना कमी येत होतं.

याचा घरगुती अर्थ सोपा आहे. मुलाला ब्रेक कसा दाबायचा हे शिकवाच, पण पावसात ब्रेक दाबल्यावर गाडी किती पुढे जाऊन थांबते हेही त्याच्याच डोळ्यांना दिसू द्या. रिकाम्या रस्त्यावर कमी वेगात ब्रेक लावायला सांगा आणि त्याआधी विचारा, ''गाडी कुठे थांबेल?'' पहिले दोन-तीन अंदाज बहुतेक चुकतील. ती चूक मोकळ्या जागेत झालेलीच बरी.

टिटवाळ्यात सुरुवात कुठून करायची?

सुरुवात लर्निंग लायसन्सपासून. महाराष्ट्रात जून २०२१ पासून आधार वापरून ही परीक्षा घरबसल्या देता येते. १५ प्रश्न असतात, ९ बरोबर आले की पास. लायसन्स सहा महिने चालतं आणि किमान ३० दिवस झाल्यावर पर्मनंटची परीक्षा देता येते. टिटवाळ्यासाठी कार्यालय कल्याणचं आरटीओ, म्हणजे एमएच-०५ वालं. या काळात गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' हवा आणि कारमध्ये शेजारी लायसन्स असलेला, शिकवणारा माणूस हवा. दुचाकीवर मागे बसवायचं तर फक्त शिकवणाऱ्याला. मित्राला घेऊन ट्रिपल सीट तर सोडाच, डबल सीटही चालत नाही.

बऱ्याच घरांत ऑनलाइन परीक्षा मोठा भाऊ किंवा दुकानदार देऊन टाकतो. पहिली परीक्षा दुसऱ्यानं दिली, की 'हे माझं मी केलं' ही भावना सुरुवातीलाच निघून जाते.

पुढे रस्त्यांची एक शिडी करा. सोप्याकडून अवघडाकडे.

पहिली पायरी, सोसायटीच्या आसपासचा मोकळा रस्ता. रविवारी सकाळी लवकर. फक्त गाडी उचलणं आणि थांबवणं. कार असेल तर हाफ क्लचचा अंदाज येईपर्यंत दुसरं काहीच नको. अर्धा-पाऊण तास पुरे, कारण थकलेलं डोकं चुका शिकतं.

दुसरी पायरी, आतले रस्ते. वळण, रिव्हर्स, आरसे. रस्त्यात झोपलेली कुत्री आणि चेंडूमागे धावत येणारी पोरं इथंच भेटतात.

तिसरी पायरी, सकाळच्या वेळेचा टिटवाळा-गोवेली रस्ता. इथं गियर बदलत सलग गाडी चालवण्याची सवय होते. पहिले काही दिवस गोवेलीच्या अलीकडूनच मागे वळा, कारण पुढे कल्याण-मुरबाड रस्ता लागतो आणि तिथं एसटी, ट्रक, डंपर यांच्यासोबत चालावं लागतं.

चौथी पायरी, स्टेशन परिसर. आधी दुपारी, गर्दी नसताना. ते जमलं की संध्याकाळी, कल्याणहून भरून आलेली लोकल रिकामी होते तेव्हा. माणसं चहूबाजूंनी येतात, रिक्षा कट मारतात, कुणीच इंडिकेटर देत नाही. इथं वेग शून्याच्या जवळ असतो, पण मनावरचा ताण सगळ्यात जास्त.

पाचवी पायरी, गोवेलीहून कांबा, म्हारळमार्गे शहाडचा उड्डाणपूल. ट्रॅफिकमध्ये चढावर थांबून गाडी पुन्हा उचलायची. अनेक नवशिक्यांची खरी भीती ही एवढीच असते. मागचा माणूस चिकटून उभा आहे आणि गाडी मागे घसरली तर?

पाऊस आणि रात्र या दोन गोष्टी प्रत्येक पायरीवर स्वतंत्रपणे शिकायच्या. दिवसा जमलेला रस्ता रात्री नवाच असतो.

आणि मंगळवार, संकष्टी, विशेषतः अंगारकी? त्या दिवशी महागणपतीच्या दर्शनाला इतकी गर्दी असते की मुरलेले ड्रायव्हरही मंदिराचा रस्ता टाळतात. नवी गाडी घेतली की आधी टिटवाळ्याच्या गणपतीला न्यायची, ही पद्धत कल्याण-डोंबिवलीतल्या अनेक घरांत आहे. तशी न्या, पण त्या दिवशी स्टीअरिंग नवशिक्याच्या हाती देऊ नका.

एका पायरीवरून दुसरीवर कधी जायचं? साधा नियम ठेवा. सलग तीन दिवस शेजारच्या माणसाला मध्ये बोलावं लागलं नाही, की पुढची पायरी. आणि पुढची पायरी अंगावर आली तर एक पायरी खाली या. त्याला नापास होणं म्हणायचं नाही.

शेजारच्या सीटवरून काय बोलायचं?

मोटर ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही ब्रेक असतो. घरच्या गाडीत तो नसतो. त्यामुळे शेजारी बसलेले पप्पा स्वतःच घाबरलेले असतात आणि ती भीती तोंडातून बाहेर पडते. ''अरे ब्रेक, ब्रेक! आंधळा आहेस का?''

हे ऐकून मुलाचे पाय आखडतात. बंडुरांच्या यादीतलं चौथं मूळ इथं काम करतं. छाती धडधडायला लागली की मेंदू त्याचा अर्थ 'मला जमत नाहीये' असा लावतो.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, सूचना वेळेआधी द्या. वळणावर पोहोचल्यावर ''डावीकडे, डावीकडे!'' ओरडण्यापेक्षा शंभर मीटर आधी म्हणा, ''पुढे डावीकडे वळायचंय. आरसा बघ, मग इंडिकेटर.''

दुसरी, एक शब्द आधीच ठरवून घ्या. 'थांब' म्हटलं की प्रश्न न विचारता गाडी हळू करून थांबवायची. हा शब्द खऱ्या धोक्यालाच वापरायचा. दर दोन मिनिटांनी वापरला की त्याची किंमत जाते. गाडीचा हँडब्रेक दोन सीटच्या मधे असेल तर तो तुमच्या हाताला सहज लागतो ना, हे निघण्याआधी बघून ठेवा.

तिसरी, मुलाला बोलतं करा. गाडी चालवताना त्याला दिसतंय ते तो मोठ्यानं सांगत जाऊ दे. ''पुढे रिक्षा थांबलीय, कुणीतरी उतरेल. उजवीकडून बाईक येतेय.'' तो काय बघतोय आणि त्याच्या नजरेतून काय सुटतंय, हे लगेच कळतं. हा खेळ तो १८ वर्षांचा व्हायच्या आधीही खेळता येतो. पप्पांच्या शेजारी बसून, गाडीला हात न लावता. रस्ता वाचायचं शिक्षण असं आधीच सुरू होतं.

चौथी, कौतुक नेमकं करा. ''छान चालवलीस'' यातून त्याला काहीच कळत नाही. ''त्या आजी रस्ता ओलांडत होत्या तेव्हा तू हॉर्न न देता थांबलास, ते बरोबर केलंस'' यातून कळतं.

चूक झाली तर?

गाडी बंद पडणार. कुठेतरी खरचटणार. बंपरला ओरखडा येणार. त्या वेळी घरात काय होतं, त्यावर पुढचं बरंच अवलंबून असतं.

चालत्या गाडीत चुकीवर चर्चा नको. सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या, दोन मिनिटं जाऊ द्या. मग तुमचं मत सांगण्याआधी त्याला विचारा, ''काय झालं असं तुला वाटतं?'' त्यानं स्वतः कारण सांगितलं तर ती चूक त्याची स्वतःची होते आणि सुधारतेही तोच. आणि शक्य असेल तर त्याच दिवशी तीच गोष्ट सोप्या जागी एकदा नीट करून मगच घरी या. दिवसाची शेवटची आठवण जमलेल्या गोष्टीची असू द्या.

खरचटलेली गाडी लपवावीशी वाटली नाही पाहिजे, हा यातला सगळ्यात मोठा मुद्दा. आज ओरखडा लपवणारं पोर उद्या अपघात झाल्यावर घरी फोन करायला कचरतं.

मुलींचं काय?

एकाच घरात भावाला बाईक शिकवली जाते आणि बहिणीला मागे बसायला सांगितलं जातं. मग तिला सराव कमी मिळतो, चुका जास्त होतात आणि 'बायकांना गाडी जमत नाही' या वाक्याला पुरावा सापडतो.

टिटवाळ्याहून लोकलनं जाणाऱ्या मुलींना एक उदाहरण याच रेल्वेमार्गावर सापडेल. सुरेखा यादव. मूळच्या साताऱ्याच्या. रेल्वे चालवण्याचं त्यांचं सुरुवातीचं प्रशिक्षण कल्याणच्या प्रशिक्षण केंद्रात झालं. १९८९ मध्ये त्या सहाय्यक चालक झाल्या. नंतर मालगाड्या चालवल्या. २००० मध्ये मध्य रेल्वेची लेडीज स्पेशल लोकल त्यांच्या हाती आली. पुढे घाटातल्या गाड्या, ८ मार्च २०११ ला डेक्कन क्वीन आणि १३ मार्च २०२३ ला सोलापूरहून मुंबईला येणारी वंदे भारत. आशियातल्या पहिल्या महिला ट्रेनचालक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

या यादीतल्या तारखांकडे बघा. सहाय्यक चालक ते डेक्कन क्वीन, मधे २२ वर्षं आहेत. प्रत्येक गाडी आधीच्या गाडीपेक्षा थोडी अवघड. रेल्वेतही शिडीच असते. आणि बंडुरांच्या यादीतलं दुसरं मूळ हेच होतं. आपल्यासारख्या कुणाला तरी जमताना पाहणं. घरात आई किंवा मावशी स्कूटर चालवत असेल, तर मुलीला पहिले चार दिवस तिच्यासोबत पाठवून बघा.

मित्र मागे बसले की काय बदलतं?

२००५ मध्ये अमेरिकेत मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी गाडी चालवण्याचा व्हिडिओ गेम वापरून एक प्रयोग केला. किशोरवयीन मुलं एकटी खेळताना आणि मित्र बघत असताना किती धोका पत्करतात, हे मोजलं. मित्र बघत असले की मुलं जास्त धोका पत्करत होती. मोठ्या माणसांमध्ये तसा फरक दिसला नाही.

म्हणूनच काही देशांत लायसन्स टप्प्याटप्प्यानं मिळतं. न्यूझीलंडनं १९८७ मध्येच ही पद्धत सुरू केली. कॅलिफोर्नियात १८ वर्षांखालच्या मुलांना परीक्षेआधी ५० तास मोठ्यांच्या देखरेखीखाली गाडी चालवावी लागते, त्यातले १० तास रात्रीचे. लायसन्स मिळाल्यावरही पहिलं वर्षभर रात्री ११ ते पहाटे ५ एकट्यानं गाडी चालवता येत नाही आणि सोबत मोठं कुणी नसेल तर विशीच्या आतले मित्र बसवता येत नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये २५ वर्षांखालच्या नवशिक्यांना साधारणपणे १२० तासांची नोंद ठेवावी लागते. तिकडे राहणाऱ्या मराठी घरांत आईबाबा शनिवार-रविवारी पोरांना घेऊन हे तास भरत असतात.

आपल्याकडे? मोटर ट्रेनिंग स्कूलसाठी केंद्रीय नियमांत कारचं प्रत्यक्ष ड्रायव्हिंग किमान १० तासांचं धरलंय. म्हणजे बाकीचे तास घरानंच भरून काढायचे आहेत. कायदा सांगत नसला तरी घरात नियम करता येतो. पहिले सहा महिने मागे मित्र नाही, रात्री दहानंतर गाडी नाही, पावसात एकट्यानं हायवे नाही. नियम लिहून फ्रिजवर चिकटवा आणि कधी सुटतील ती तारीखही लिहा. शेवट दिसत असला की मुलं नियम पाळतात. शेवटच नसेल तर वाट शोधतात.

मग गाडी एकट्याला कधी द्यायची?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगभरात ५ ते २९ या वयोगटातल्या मृत्यूंचं सगळ्यात मोठं कारण रस्ते अपघात हेच आहे. त्यामुळे हा प्रश्न ''लायसन्स आलं ना, मग घे चावी'' इतका सरळ नाही.

आरटीओच्या परीक्षेत आठचा आकडा काढता येतो का, रिव्हर्स जमतो का, हे कळतं. संध्याकाळच्या गर्दीत डोकं शांत राहतं का, हे तिथं दिसत नाही. ते घरच्यांनाच बघावं लागतं. त्यासाठी तीन प्रश्न पुरतात. मागून कुणी सतत हॉर्न दिला तरी तो आपल्या वेगानं चालतो का? चूक झाली की घरी येऊन स्वतःहून सांगतो का? आणि कधी गाडी नको म्हणतो का?

तिसऱ्या प्रश्नाकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. जोराचा पाऊस आहे, मित्र ''चल ना, काय घाबरतोस'' म्हणतायत आणि तो सांगतो, ''आज नाही, आपण रिक्षानं जाऊ.'' हे ज्याला म्हणता येतं, त्याला आपल्याला किती जमतं हे नीट कळलेलं असतं. तुमच्या पोरानं पहिल्यांदा असा नकार दिला, तर चेष्टा करू नका. त्याच आठवड्यात दिवसाउजेडी, कोरड्या रस्त्यावर त्याला पहिल्यांदा एकट्याला जाऊ द्या.